मुलांच्या रुमॅटॉलॉजी ओपीडीचा अनुभव: संध्याकाळी येणारं आणि सकाळी गायब होणारं पुरळ

लहान मुलांच्या रुमॅटॉलॉजी विभागाबद्दल (सांध्यांचे आणि प्रतिकारशक्ती बिघडून अंगात सूज आणणारे आजार बघणारा विभाग) कोणी लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही आणि असा वेगळा विभाग असतो हेच बऱ्याच आईवडिलांना माहीत नसतं, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. हॉस्पिटलचं नाव देत नाहीये. मला तिथे काम कसं चालतं ते सांगायचंय, म्हणजे तुम्ही जिथे कुठे मुलाला घेऊन जाल तिथे तसं होतंय का हे तुम्हाला बघता येईल. मत आधीच सांगून टाकते. विचारपूस आणि तपासणी, पैकीच्या पैकी मार्क. समजावून सांगणं, पैकीच्या पैकी. अपॉइंटमेंट मिळणं आणि रात्री-बेरात्री कोणाशी बोलता येणं, काठावर पास.

आमची केस अशी. लेक सहा वर्षांची. सर्दी नाही, खोकला नाही आणि रोज संध्याकाळी ताप. दुपारपर्यंत बरी असायची, खेळायची, मग दिवस कलला की अंग कसकसायला लागायचं, थंडी वाजायची आणि बघता बघता ३९ अंश सेल्सिअस म्हणजे १०२ फॅरनहाइटच्या वर जायचा. ताप चढला की दंडाच्या आतल्या बाजूला, छातीवर, मांड्यांवर गुलाबीसर ठिपके आणि चट्टे यायचे, ताप उतरून घाम फुटला की थोड्या वेळात सगळं साफ, सकाळी अंगावर एक डाग नाही. आणि सकाळी वेगळंच, उठली की पाय टेकवायची नाही, उचलून घे म्हणायची, मनगट वाकवू द्यायची नाही, तास-दीड तासाने अंग मोकळं झालं की परत चालायला लागायची. वजन उतरत होतं, चेहरा पांढरा पडत चालला होता.

आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा व्हायरल म्हटलं त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मुलांना ताप आणि पुरळ एकत्र आलं की बहुतेक वेळा व्हायरलच असतं आणि ते आपोआप जातं. खरी अडचण पुढे सुरू झाली, आठवडे उलटले तरी ताप जाईना तेव्हा. स्किनच्या एका क्लिनिकमध्ये सकाळची वेळ मिळाली, सकाळी अंगावर काहीच नाही, मी तोंडी वर्णन केलं, त्यांनी अंगावर पित्त उठतंय म्हणून अँटीहिस्टामिन म्हणजे पित्ताची गोळी दिली. फरक शून्य. मग दुसरीकडे अ‍ॅलर्जीचं भलंमोठं रक्तपॅनल करायला लावलं, त्यात बऱ्याच नावांपुढे पॉझिटिव्ह आलं आणि आधीच वजन उतरलेल्या पोरीच्या खाण्यातल्या एकामागून एक गोष्टी बंद करायला सांगितल्या. त्या पॅनलमधलं आयजीई पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या पदार्थाविरुद्ध अँटिबॉडी बनवल्यात एवढंच, तो पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होत नसेल तर त्याला अ‍ॅलर्जी म्हणता येत नाही, हे आम्हाला नंतर रुमॅटॉलॉजीच्या मॅडमनी सांगितलं. आयजीजी नावाच्या दुसऱ्या अँटिबॉडीचे फूड पॅनल मिळतात ते तर अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी वापरूच नका असं अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाच सांगतात. आणखी एका ठिकाणी "बघू काय होतं" म्हणून तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड लिहून दिलं, कुठलीही मोठी तपासणी न करता. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ते घरी फोन करून थांबवलं, पहिला डोस जायच्या आत, त्यांचे त्याबद्दल उपकार कसे फेडू कळत नाही. त्याचं कारण पुढे येतंच. रुमॅटॉलॉजीला जा हेही त्यांनीच सांगितलं.

आता खरा रिव्ह्यू.

अपॉइंटमेंटची तारीख लांबची मिळाली. हा विभाग सगळीकडे कमी, डॉक्टर मोजके, त्यामुळे रांग मोठी. पण तारीख देतानाच त्यांच्या नर्सने फोनवर काम नेमून दिलं. रोज ताप किती, किती वाजता, औषध किती वाजता, औषध न देताही उतरला का, हे सगळं वेळेसकट लिहायचं. पुरळ दिसलं की फोटो काढायचा, दिवसाच्या उजेडात किंवा साध्या पांढऱ्या दिव्यात, फ्लॅश मारायचा नाही, एक फोटो जवळून आणि एक लांबून, म्हणजे शरीराचा कुठला भाग आहे ते कळतं. आणि एक गोष्ट जी मला त्याआधी कुठेच कोणी सांगितली नव्हती: एका चट्ट्याभोवती बॉलपेनने गोल काढा आणि दर तासाने त्याच गोलाचा फोटो काढा.

हा गोल फार कामाचा ठरला. लेक तापाने ग्लानीत, मी तिच्या दंडावर निळ्या पेनाने गोल काढलेला, पहिल्या फोटोत गोलाच्या आत गुलाबी चट्टा, पुढच्या फोटोत तो फिकट आणि कडेला सरकल्यासारखा, नंतरच्या फोटोत नुसता निळा गोल आणि आत स्वच्छ कातडी, खाली ना डाग ना खरबरीतपणा. ओपीडीत मॅडमनी हे फोटो एकामागून एक बघितले आणि तिथूनच त्यांचे प्रश्न बदलले.

फोटोंबद्दलच अजून एक. पुस्तकांत आणि नेटवर जे फोटो असतात ते बहुतेक गोऱ्या कातडीवरचे असतात, त्यात लालभडक किंवा गुलाबी दिसतं. सावळ्या किंवा काळ्या रंगाच्या मुलांवर तेच पुरळ जांभळट, तपकिरी किंवा नुसतं आजूबाजूपेक्षा जरा गडद दिसतं, कधीकधी दिसतच नाही, बाजूने उजेड टाकला तर उठाव कळतो किंवा हात फिरवल्यावर कळतं. आमची लेक गव्हाळ रंगाची आहे, पाठीवरचं पुरळ मला कित्येक दिवस दिसलंच नव्हतं, मॅडमनी टॉर्च आडवा धरून दाखवलं. मुलाचा रंग सावळा असेल तर डॉक्टरांनी "लालसर तर दिसत नाहीये" म्हणून विषय सोडू नये, आणि त्यांनी सोडला तर आपण सोडायचा नाही.

पहिली भेट बरीच मोठी होती. मॅडमनी आधी लेकीशी गप्पा मारल्या, तिच्या हातातल्या बाहुलीचे सांधे हलवून बघितले, मग तिचे. विचारलेले प्रश्न इथे लिहिते, कारण हेच प्रश्न आधी कोणी विचारले असते तर आमचे काही आठवडे वाचले असते. पुरळ खाजतं का. एकच चट्टा किती वेळ टिकतो (पुरळ किती दिवस आहे हा प्रश्न वेगळा, हा वेगळा). जाताना काळा-निळा डाग राहतो का. ताप आधी की पुरळ आधी. गारठ्यात वाढतं का, उन्हात वाढतं का, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर उठून दिसतं का. तोंडात अल्सर, डोळे लाल, केस गळणं, पोटात दुखणं, जिना चढताना हात टेकावे लागतात का, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांना धरून उठते का. घरात कोणाला सांध्याचा, सोरायसिसचा, ऐकू न येण्याचा त्रास आहे का.

ऐकू न येण्याचा आणि पुरळाचा काय संबंध म्हणून मी विचारलंच. तर म्हणाल्या एनएलआरपी३ नावाच्या जीनमध्ये बिघाड असेल तर गारठ्याने पित्तासारखं पुरळ, ताप आणि पुढे बहिरेपणा येतो, त्या गटाला कॅप्स म्हणतात, आणि हा जीन २००१ साली सापडला. म्हणजे त्याआधीच्या मुलांना आयुष्यभर पित्ताच्या गोळ्या मिळाल्या असतील. असे प्रश्न विचारून त्या एकेक आजार मनातल्या मनात बाजूला काढत होत्या आणि का काढतायत ते आम्हाला सांगतही होत्या, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

तपासणी तर मी अशी आधी बघितलीच नव्हती. प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा, जबडा किती उघडतो, मान मागे जाते का. नखांच्या मुळाशी भिंगातून बघितलं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या दिसल्या तर डर्मॅटोमायोसायटिसकडे, म्हणजे कातडी आणि स्नायूंना सूज येणाऱ्या आजाराकडे, बोट जातं, पापण्यांवर जांभळट झाक आणि बोटांच्या सांध्यांवर खरबरीत चट्टे हेही त्यातलंच. लिव्हर, स्प्लीन, काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी. मग चड्डीचं इलॅस्टिक खाली सरकवून कमरेवरची रेघ बघितली. तिथे इलॅस्टिक जिथे काचतं बरोब्बर त्या रेषेवर चट्ट्यांची ओळ होती. काचल्यावर किंवा खाजवल्यावर त्या जागी पुरळ उठतं, याला केबनर म्हणतात आणि आमच्या केसमध्ये तो महत्त्वाचा धागा होता. रोज अंघोळ घालताना ती ओळ मला दिसायची आणि मी म्हणायचे इलॅस्टिक घट्ट झालंय.

त्या दिवशी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं नाही. म्हणाल्या माझ्या मनात एक नाव आहे, पण तो आजार एका टेस्टने सिद्ध होत नाही, बाकीचे सगळे आजार नाहीत हे दाखवूनच तिथे पोचता येतं आणि त्यातले काही आजार जास्त घाईचे आहेत म्हणून ते आधी. घरी येताना माझ्या हातात नाव नव्हतं पण कागदावर लिहिलेला प्लॅन होता, कुठली तपासणी कधी, कशासाठी, काय आलं तर पुढे काय. इतक्या आठवड्यांनंतर त्या रात्री मी जरा झोपले.

मग अ‍ॅडमिट केलं, आणि त्यामागचं कारण साधं होतं, ताप आणि पुरळ संध्याकाळी येतं तर संध्याकाळी डॉक्टरांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. हे ऐकायला किती सोपं वाटतं! सकाळच्या ओपीडीत संध्याकाळचा आजार कसा सापडणार. स्किनच्या डॉक्टर ताप चढल्यावर वॉर्डात आल्या, काच दाबून बघितली, चट्टे दाबल्यावर फिके पडत होते. म्हणाल्या एकेक चट्टा २४ तासांपेक्षा जास्त टिकत असता किंवा जाताना जखमेसारखा डाग सोडत असता तर रक्तवाहिन्यांना सूज असल्याची शंका आली असती आणि मी आजच बायोप्सी घेतली असती, इथे आत्ता गरज नाही. नको तिथे सुई टोचली नाही, हाही माझ्या मते सेवेचाच भाग आहे.

रक्ततपासण्या भरपूर झाल्या, ब्लड कल्चर, सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारे), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन, सूज असली की वाढतं), लिव्हर, एलडीएच, लघवी, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी). छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, हृदयाचा इको. इको दोन कारणांसाठी, एक म्हणजे हृदयाभोवती पाणी आहे का बघायला आणि दुसरं कावासाकी नावाच्या आजारासाठी. कावासाकीत पाच दिवस किंवा जास्त ताप, पुरळ, लाल डोळे, लाल जीभ, हातपाय सुजणं असं असतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात, म्हणून पहिल्या दहा दिवसांत उपचार मिळणं फार गरजेचं. आमचा काळ केव्हाच उलटून गेला होता आणि लक्षणंही जुळत नव्हती, तरी त्यांनी बघून घेतलं. एएनए वीकली पॉझिटिव्ह आला आणि मी रात्रभर ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, वाचत बसले, सकाळी मॅडमनी येऊन सांगितलं की निरोगी मुलांमध्येही कमी प्रमाणात एएनए पॉझिटिव्ह येतो, लघवी स्वच्छ आहे, रक्तातली सी३ सी४ ही प्रथिनं नॉर्मल आहेत, बाकी काही जुळत नाही, त्या कागदाने घाबरू नका. माझी एकच विनंती आहे सगळ्या लॅबना आणि हॉस्पिटलना, असे रिपोर्ट रात्री अकरा वाजता नुसते मोबाईलवर सोडू नका हो.

बोन मॅरोचं, म्हणजे हाडातला मगज सुईने काढून तपासायचं, नाव काढलं तेव्हा आम्हा दोघांच्या पायाखालची जमीन सरकली. मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि स्पष्ट बोलल्या. मुलांमध्ये ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, अगदी असाच येऊ शकतो, ताप, हाडं-सांधे दुखणं, पांढरं पडणं. आणि स्टेरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या मरतात, मूल बरं वाटतं, मॅरोत नीट दिसत नाही, निदान लांबतं आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. म्हणून शंका असेल तर स्टेरॉइडच्या आधी मॅरो. तेव्हा मला कळलं की आमच्या बालरोगतज्ज्ञांनी घरी फोन का केला होता.

मॅरोच्या दिवशीची व्यवस्था चांगली होती. आदल्या तासाला सुईच्या जागी भूल देणारं क्रीम लावलं, झोपेचं औषध सलाईनमधून, ती झोपेपर्यंत मला आत थांबू दिलं, डोळे उघडले तेव्हा परत आत घेतलं. तिला आठवत फक्त एवढंच आहे की नर्सताईंनी बाहुलीच्या कमरेलाही तशीच पट्टी लावून दिली. मॅरोमध्ये ल्युकेमिया नव्हता. तो रिपोर्ट मॅडमनी स्वतः येऊन सांगितला, दारातूनच हसत आल्या, म्हणजे दारापासून खाटेपर्यंत चालत येण्याएवढा वेळसुद्धा त्यांनी आम्हाला टांगून ठेवलं नाही.

शेवटी नाव मिळालं, सिस्टेमिक जेआयए, म्हणजे ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिसचा तो प्रकार ज्यात सांध्यांबरोबर सगळं शरीरच पेटून उठतं. आता मोठ्यांचा आणि लहानांचा मिळून स्टिल्स डिसीज असंही म्हणायला लागलेत, जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या इंग्लिश डॉक्टरांनी १८९७ मध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं होतं त्यावरून. या आजाराच्या निकषांत कमीत कमी दोन आठवड्यांचा ताप लागतो आणि त्यात किमान तीन दिवस रोज चढून उतरणारा ताप नोंदलेला लागतो, शिवाय सांधे, आणि सोबत येऊन-जाऊन असणारं पुरळ, गाठी, लिव्हर-स्प्लीन वाढणं किंवा हृदय-फुप्फुसांभोवती पाणी यातलं काहीतरी. माझ्या वहीतला तापाचा तक्ता फाईलला जसाच्या तसा लावलाय. आयांनी लिहिलेल्या वह्यांना हसणारे डॉक्टरही मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

एक गोष्ट त्यांनी इतक्या वेळा आणि इतकी नीट समजावली की मी झोपेतही सांगेन. या आजारात एक धोका असतो, मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम, मास म्हणतात, त्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी बेभान होऊन शरीरावरच उलटतात. ताप रोज चढून उतरायचा तो उतरेनासा होतो, मूल सुस्त पडतं, अंगावर काळेनिळे डाग, नाकातून-हिरड्यांतून रक्त. आणि रिपोर्टमधली गंमत, म्हणजे गंमत कसली, भीतीच, मूल जास्त आजारी असताना ईएसआर खाली येतो. आपल्याला वाटतं वा, सूज कमी झाली, पण रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, संपत चालल्यामुळे तो पडलेला असतो. प्लेटलेटही पडतात, फेरिटिन मात्र वर जातं. २०१६ मध्ये ठरलेल्या निकषांत तापाबरोबर फेरिटिन ६८४ च्या वर आणि सोबत प्लेटलेट, लिव्हर, ट्रायग्लिसराइड, फायब्रिनोजेन यांतल्या दोन गोष्टी बिघडलेल्या असं धरलंय. हे आकडे त्यांनी फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलेत, म्हणजे रात्री इमर्जन्सीला जो कोणी डॉक्टर असेल त्याला पान उलटायलाही लागू नये.

उपचारांचं जास्त लिहीत नाही, प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि डोस तर कोणीच दुसऱ्याचा बघून ठरवू नये. आमचं अनाकिन्रा सुरू झालं, सूज पेटवणाऱ्या इंटरल्युकिन-१ ला अडवणारं रोजचं इंजेक्शन. टोचल्या जागी चांगलंच झोंबतं आणि लालही होतं, नर्सताईंनी आधी बर्फ लावायला, इंजेक्शन थोडं खोलीच्या तापमानाला येऊ द्यायला शिकवलं आणि मला स्वतः टोचता येईपर्यंत घरी पाठवलं नाही. ताप काही दिवसांतच गेला आणि तापाबरोबर पुरळही. सकाळी ती आपल्या पायांनी चालत बाथरूमला गेली, मी मागून बघत उभी होते. याच गटात चार आठवड्यांनी एकदा द्यायचं कॅनाकिनुमॅब आहे, आणि इंटरल्युकिन-६ ला अडवणारं टोसिलिझुमॅब आहे. टोसिलिझुमॅबबद्दल मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय की ते घेताना सीआरपी वाढतच नाही, त्यामुळे इन्फेक्शन झालं तरी रिपोर्ट शांत दिसू शकतो, तेव्हा मुलाकडे बघायचं, कागदाकडे नाही. लसींचंही तसंच, लाइव्ह लसी विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत, बाकीच्या वेळेवर द्यायच्या, त्यांनी लेकीचा तक्ता आमच्या बालरोगतज्ज्ञांना पत्राने पाठवला.

आता जे खटकलं ते. अपॉइंटमेंटची वाट फार मोठी आहे आणि त्या काळात विचारायला कोणीच नसतं. रोज ताप येणाऱ्या मुलांसाठी वेगळी, लवकरची रांग हवी, निदान फोटो आणि तक्ता बघून कोणीतरी सांगावं की थांबलं तरी चालेल की उद्याच या. वॉर्डातला रात्रीचा ड्यूटी डॉक्टर दर वेळी नवा, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगा, आणि त्यातल्या एकाने लेकीसमोरच "हा आयुष्यभराचा आजार आहे ना" असं विचारलं, तिला सगळं कळतं हो. समुपदेशकाची सोय आहे म्हणतात, आम्हाला ती मागून घ्यावी लागली. शाळेसाठी पत्र मात्र लगेच दिलं, सकाळी अंग आखडतं म्हणून उशिरा यायची परवानगी, खेळाच्या तासाला जमेल तेवढं खेळू द्यावं, औषध चालू असताना वर्गात कांजिण्या-गोवर निघाला तर त्याच दिवशी पालकांना कळवावं.

डोळ्यांची तपासणी त्यांनी आमच्या मागे लागून करून घेतली. जेआयएच्या काही प्रकारांत डोळ्याच्या आत सूज येते आणि मूल कुठलीच तक्रार करत नाही, डोळा लाल नाही, दुखत नाही, आणि नजर हळूहळू जाते, डोळे तपासायच्या स्लिट लॅम्प यंत्रावर बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या प्रकारात हे क्वचित होतं, तरी पहिली तपासणी झाली आणि पुढच्या किती महिन्यांनी हेही लिहून दिलं. तुमच्या मुलाला जेआयए सांगितलं असेल आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं नसेल तर विचारा.

हा विभाग कोणाला हवा, कोणाला नको, तेही सांगते, आधीच रांग मोठी आहे. मुलाला फक्त खाजणाऱ्या गांध्या उठत असतील, ताप नाही, सांधे नाहीत, वजन नीट आहे, तर सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ चाललं तरी ते बहुधा क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणजे जुनाट पित्त असतं आणि बालरोगतज्ज्ञ किंवा स्किनचे डॉक्टर ते छान सांभाळतात. कोपरात-गुडघ्यामागे खाजरी, कोरडी कातडी असेल तरी तेच. पण पुरळाबरोबर दोन आठवडे उलटून गेलेला ताप, सकाळचं आखडणं, लंगडणं, जिना चढता न येणं, वजन उतरणं, लघवी लाल होणं, यातलं काही असेल तर आपल्या डॉक्टरांना सरळ म्हणा की रुमॅटॉलॉजीचं मत घेऊया.

आणि पुरळ जांभळं-लाल ठिपक्यांसारखं असेल, काचेचा ग्लास दाबून धरला तरी फिकं पडत नसेल आणि सोबत ताप असेल, किंवा मूल जागं करूनही नीट जागं होत नसेल, मान आखडली असेल, श्वास जोरात चालला असेल, तर कुठल्याच ओपीडीची तारीख बघत बसू नका, फोटो, वही सगळं राहू दे, सरळ इमर्जन्सीला न्या.